तेराचा पाढा आणि आईचा विश्वास

प्रश्न : आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. पुष्कळ प्रार्थना केल्यानंतर आम्ही पतिपत्नींनी तीन वर्षांपूर्वी मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले. मुलांचे शिक्षण देवाच्या वचनाला धरून व्हावे आणि आम्हांला त्यांच्यासाठी वेळ मिळावा, एवढाच हेतू होता. मी बी.एस्सी. आहे, पण डी.एड. किंवा बी.एड. केलेले नाही. माझ्या सासूबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांना आमचा निर्णय आजही पटलेला नाही. मागच्या महिन्यात घरच्या एका वाढदिवसाला नणंदेने सर्वांसमोर मुलाला तेराचा पाढा विचारला. तो तेरा आठेपाशी अडला आणि माझ्याकडे पाहू लागला. त्याला अजून सलग वाचता येत नाही. धाकटी त्याच्या पुढे निघाली आहे. मी त्याच्यावर ओरडते आणि रात्री रडते. अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरच्या शाळा मोबाईलवर पाहिल्या की आपण काहीच करत नाही असे वाटते. देवाने सोपवलेले काम मी बिघडवते आहे का? त्याला परत शाळेत घातले तर तो माझा अविश्वास ठरेल का?
— एक आई

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलाला नवव्या वर्षी सलग वाचता येत नाही, ही एक गोष्ट आहे. आणि मुलाला वाचता येत नाही म्हणून आपण देवापुढे नापास झालो, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तुमच्या मनात या दोन्ही इतक्या घट्ट बांधल्या गेल्या आहेत की पहिलीचा विचार करायला बसलात की दुसरीच पुढे येते. पहिली गोष्ट तपासता येते आणि तिच्यावर उपायही करता येतो. दुसरीवर उपाय सापडणार नाही, कारण तो हिशेबच मुळात कोणी तुमच्याकडे मागितलेला नाही. तुमच्या नकळत मुलाची वही ही तुमच्या विश्वासाची गुणपत्रिका झाली आहे, आणि मला वाटते, तुमच्या ओरडण्याचे कारणही तेच आहे. पाढा चुकला म्हणून कोणी रात्री रडत नाही. चुकलेल्या पाढ्यात स्वतःविषयीचा निकाल वाचला की मगच रडू येते. नऊ वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येणार नाही, परंतु आपल्या उत्तरावर आईचे काहीतरी फार मोठे अवलंबून आहे हे त्याला कळते. वाढदिवसाच्या दिवशी अडल्यावर त्याने आत्याकडे न पाहता तुमच्याकडे पाहिले, ते यामुळेच.

घरी शिकवणारे ख्रिस्ती आईवडील ज्या वचनाचा आधार नेहमी घेतात, ते बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील वचन तुम्हांला पाठ असेल. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी बोलत राहावे, असे तिथे सांगितले आहे. काय करायचे ते त्यात आहे. मूल कितव्या वर्षी कुठवर पोहोचले पाहिजे, याविषयी एक अक्षरही नाही. नीतिसूत्रांतील २२:६ हे वचनसुद्धा मुलाला त्याच्या स्थितीला अनुरूप शिक्षण द्यावे असे सांगते. त्या वचनाचा उपयोग कित्येकदा आईवडिलांना हमीपत्रासारखा करून दिला जातो आणि मूल मागे पडले की त्याच हमीपत्रावर त्यांना दोषी धरले जाते, हे मला नेहमीच खटकत आले आहे. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या आईचेच पाहा. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढली आहे, आणि तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्राची माहिती होती असेही म्हटले आहे. परंतु प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते की त्याचे वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होते आणि पौल भेटेपर्यंत त्याची सुंताही झालेली नव्हती. म्हणजे यहुदी दृष्टीने पाहता त्या घरातील धर्माचरण अपुरे होते, आणि त्यांच्या लुस्त्र गावातील इतर यहुदी बायकांनी युनीकेला काय काय ऐकवले असेल याची कल्पना तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक चांगली येईल. तरीही तिने शिकवले, आणि तिच्या अपुऱ्या घरातून जे मिळाले त्यावर पुढे पौलाने काम केले. मुलाच्या घडणीत आपण एकट्याच नाही, हे तुम्ही मनाशी धरावे.

आता वाचनाविषयी, कारण तुमच्या पत्रातील खरी काळजीची बाब तीच आहे आणि ती निव्वळ धीर देऊन टाळणे बरोबर होणार नाही. मुले निरनिराळ्या वयात वाचू लागतात हे खरे आहे, आणि पहिलीच्या वयात न वाचणाऱ्या मुलाच्या आईला मी थांबा असेच सांगितले असते. परंतु तीन वर्षे नियमित शिकवूनही नवव्या वर्षी वाचन सलग होत नसेल, तर नुसते थांबणे हा सल्ला नव्हे. प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टी तपासून घ्या आणि त्याच सुमारास ऐकणेही. ते ठीक असेल, तर काही गोष्टी आठवडाभर शांतपणे पाहा. शब्दाचे पहिले अक्षर पाहून तो पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो का? काना, मात्रा, वेलांटी यांची अदलाबदल होते का? जोडाक्षरापाशी प्रत्येक वेळी थांबतो का? काल वाचलेला शब्द आज त्याला अनोळखी वाटतो का? आणि त्याच वेळी, तुम्ही वाचून दाखवलेली गोष्ट तो बारीकसारीक तपशिलांसह परत सांगू शकतो का? ऐकून समजण्यात हुशार आणि वाचण्यात अडखळणारा, असे चित्र दिसले, तर ही वाचनाची विशिष्ट अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असण्याची शक्यता आहे, आणि ती तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवी. ही अडचण बुद्धीची नाही, आळसाची नाही आणि शिकवणाऱ्याच्या अपात्रतेचीही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असलेल्या मुलांना आपले राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती देते. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात चौकशी केली, तर तपासणी कुठे होते ते कळेल. निदान झाले तर शिकवण्याची पद्धत बदलावी लागेल; अक्षर, त्याचा आवाज आणि हाताची हालचाल एकत्र आणून, थोडे थोडे आणि रोज शिकवावे लागेल. निदान झाले नाही तर तुमच्या मनावरचा एक भार उतरेल. असे मूल मोठ्या वर्गात वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसून राहू शकले असते. तुमच्या डोळ्यांसमोर होते म्हणून ही गोष्ट तुमच्या लक्षात आली, याची नोंद तुम्ही स्वतःच्या बाजूने करायला हरकत नाही.

धाकटी पुढे निघाली आहे हे मुलाच्या समोर कधीही बोलू नका, तिला शाबासकी देतानासुद्धा. दोघांना वाचायला वेगवेगळ्या वेळी बसवा.

पाढ्याविषयी मी फार लिहिणार नाही. केक कापायच्या आधी वीस माणसांसमोर विचारलेला पाढा ही परीक्षा नसते. मोठ्या माणसांनाही तिथे घाम फुटेल. मुलगा चौथीच्या वयाचा आहे. बालभारतीची तिसरी आणि चौथीची गणिताची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, ती घेऊन बसा आणि कोणते धडे त्याला येतात, कोणते येत नाहीत, याची खूण पेन्सिलीने करा. राज्यातील लाखो मुले ज्या पुस्तकांवर शिकतात तीच ही पुस्तके असल्यामुळे नणंदेच्या प्रश्नापेक्षा हे माप नक्कीच विश्वासार्ह आहे. तेरा आठे आठवत नसेल, पण दहा आठे ऐंशी आणि तीन आठे चोवीस मिळून एकशेचार होतात हे त्याला काढता आले, तर त्याला गुणाकार समजला आहे. पाठांतर त्यानंतर येईल. आणि ते यायला हवे. पाठांतराला कमी लेखणारी नवी फॅशन मला पटत नाही.

तुमच्या सासूबाईंविषयी मात्र सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यांच्या नापसंतीमागे काय आहे हे तुम्ही नीट पाहिलेले नाही असे पत्रावरून वाटते. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा शाळेशी असलेला संबंध इतर समाजांसारखा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. त्याच मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ मध्ये या देशात आल्या आणि त्यांनी पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही त्यांच्याकडे झाले. ज्यांच्या पूर्वजांना गावातील पाणवठ्यावर आणि पंतोजींच्या शाळेत जागा नव्हती, अशा कितीतरी घरांतून पुढे शिक्षिका, परिचारिका आणि पाळक तयार झाले, ते मिशनच्या शाळांमुळे. तुमच्या सासूबाईंच्या दृष्टीने शाळा ही नुसती सोय नव्हती; त्यांच्या घराण्याला मिळालेली ती प्रतिष्ठा होती. सून ती सोडून देते असे त्यांना दिसते तेव्हा त्यांना दुःख होणे स्वाभाविक आहे. तो तुमच्या योग्यतेवरचा शेरा आहे असे समजू नका.

आणि घर विरुद्ध शाळा असा झगडा आपल्या इतिहासात नाहीच. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या आणि कधी शाळेत गेल्या नाहीत. गंगामूळच्या रानात आणि नंतर तीर्थयात्रेच्या वाटेवर आईने त्यांना संस्कृत शिकवले. त्या आईला तिच्या पतीने घरीच शिकवलेले होते. अशी घरी शिकलेली ही स्त्री पुढे ख्रिस्ती झाली, आणि तिने १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, नंतर केडगावला मुक्ती सदन उभारले, म्हणजे आयुष्यभर इतरांच्या मुलींसाठी शाळाच काढल्या. रमाबाईंची बुद्धी असामान्य होती. त्यांचे नाव तुमच्या मुलासाठी उदाहरण म्हणून मी घेत नाही. सासूबाईंशी बोलताना मात्र या गोष्टीचा उपयोग होईल.

त्यांच्याशी बोलायचे काय, हे बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सापडते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसत असे. देवाने नेमलेला माणूस तो, काम देवाचे, आणि तरीही, तू करतोस हे ठीक नाही, अशाने तू आणि हे लोकही थकून जाल, असे त्याला तोंडावर सांगितले ते त्याच्या सासऱ्याने. इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएली नव्हता. मोशेने त्यावर आपल्या पाचारणाचा, म्हणजे देवाने आपल्याला या कामासाठी बोलावल्याचा, दाखला दिला नाही किंवा रुसून बसला नाही. सासऱ्याने सांगितले तसे केले, आणि त्याचे पाचारण त्यामुळे कमी झाले नाही. सासरच्या माणसाने काढलेली चूक ही देवाकडून आलेली मदतही असू शकते, एवढे या अध्यायावरून म्हणायला मला संकोच वाटत नाही. तुमच्या घरात मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घालवलेली एक बाई बसलेली आहे आणि तुम्ही बी.एड. नसल्याचे दुःख करता आहात! त्यांच्याकडे जा आणि निर्णय बरोबर की चूक हा वाद न काढता, मराठी वाचन तुम्ही घ्याल का, असे विचारा. आठवड्यातून चार दिवस, अर्धा अर्धा तास. त्या आधी दोन शब्द सुनावतील, ते ऐकून घ्या. त्या शिकवत असताना खोलीत थांबू नका आणि त्यांची पद्धत सुधारायला जाऊ नका. त्या नकोच म्हणाल्या, तर मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षिकेला विचारण्यासाठी पाळकसाहेबांची मदत घ्या. परंतु पहिला मान सासूबाईंचा आहे.

अमेरिकेतील चित्रफितींविषयी एवढेच सांगते की ते आपले माप नाही. तिथली ख्रिस्ती गृहशिक्षणाची चळवळ १९८० च्या दशकात न्यायालयांत आणि विधिमंडळांत झगडून वाढली. १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली होती, आणि शाळेविषयीचा जो एक भांडणाचा सूर त्या लोकांच्या बोलण्यात ऐकू येतो, त्याला अशी पार्श्वभूमी आहे. आज त्यांच्याकडे तयार अभ्यासक्रम आहेत, सहकारी वर्ग आहेत, मोठमोठी संमेलने भरतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अशी तुम्ही एकटीच आहात, आणि चित्रफितीत दिसते ते लाकडी कपाटांचे अभ्यासगृह कोणीतरी चित्रणासाठी आवरलेले असते. तिथले महागडे संच मागवण्याचा विचार असेल तर तो सोडा. इंच, पाउंड आणि डॉलरमधील गणिते सोडवून आपल्या मुलाचा गोंधळ वाढेल. तसेच, घरी शिकून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवणाऱ्या आणि २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळवणाऱ्या मुंबईच्या मालविका जोशीची बातमी कोणीतरी तुम्हांला धीर देण्यासाठी पाठवलेली असेलच. अशा बातम्यांनी धीर येत नाही, उलट आणखी एक माप वाढते, असा माझा अनुभव आहे.

शाळेत परत घालणे हा अविश्वास ठरेल का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. मुलांना देवाच्या भयात वाढवणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे. ते घरीच शिकवून पार पाडावे अशी आज्ञा शास्त्रात कुठेही नाही. बायबलमधील दानिएल आणि त्याचे सोबती खास्द्यांची, म्हणजे परक्या बाबेली लोकांची, विद्या आणि भाषा राजवाड्यात शिकले आणि देवाशी एकनिष्ठही राहिले. तुम्ही तीन वर्षांपूर्वी प्रार्थनापूर्वक जो निर्णय घेतला तो त्या वेळच्या मुलांसाठी होता. दरवर्षी एप्रिलमध्ये पतिपत्नींनी बसून तो पुन्हा तपासावा, आणि मुलामुलींसाठी वेगवेगळा निर्णय झाला तरी चालेल. तुमच्या यजमानांनी या वर्षात काय शिकवले याचा पत्रात उल्लेख नाही. निर्णय दोघांचा होता, तर निदान एक विषय त्यांनी अंगावर घ्यावा.

व्यवहाराच्या दृष्टीनेही परतीचे दार बंद झालेले नाही, आणि हे माहीत असले की मनाची अर्धी घालमेल कमी होते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू होतो. मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे तो म्हणतो, मात्र तसे न करणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. गृहशिक्षणाविषयी स्वतंत्र नियम तो करत नाही, त्यामुळे या बाबतीत पूर्ण स्पष्टता आहे असे मी तुम्हांला सांगणार नाही. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. घरीच शिकवणे चालू राहिले, तर चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देता येते. तीत पाच विषयांवर उत्तीर्ण होता येते, ती वर्षातून दोनदा असते आणि विषय टप्प्याटप्प्याने देण्याची मुभा असते, ही सवलत तुमच्या मुलासारख्यांना फार उपयोगी आहे. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्जही आहे. त्याच्या अटी त्या त्या वर्षी मंडळाकडून पाहून घ्याव्या. यासाठी आजपासून करायचे काम एकच : जन्मदाखला, जुन्या शाळेचा दाखला आणि दर महिन्याच्या कामाचे चार-पाच तारीख घातलेले कागद एका फाइलमध्ये ठेवत जा. दर तीन महिन्यांनी एकच उतारा त्याच्याकडून वाचून घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. दिवाळीतील आणि जूनमधील वाचन शेजारी शेजारी ऐकले की प्रगती आहे की नाही ते कळते, आणि शंकेला नेमके उत्तर मिळते. उत्तर प्रतिकूल आले तर तेही वेळेवर मिळते.

ओरडण्याविषयी. मुलाजवळ बसून त्याची माफी मागा, आणि माफी मागताना, तू नीट वाचले असतेस तर, असे जोडू नका. वाचनाचा तास वीस मिनिटांवर आणा आणि ज्या दिवशी आवाज चढतो आहे असे वाटेल त्या दिवशी पुस्तक मिटून बाजारात चालत जा. अनुवादातील वाटेने चालताना हे शब्द मोशेने उगाच लिहिलेले नाहीत. कौटुंबिक प्रार्थनेत त्याच्याकडून शास्त्र वाचून घेणे तूर्त थांबवा. देवाचे वचन आणि अडखळण्याची लाज या दोन गोष्टी त्याच्या मनात एकत्र जुळायला नकोत. तो स्तोत्र ऐकून पाठ करील. ते म्हणू द्या.

आणि नातेवाईक कितवीत आहेस असे विचारतील, त्यासाठी त्याला एक सरळ उत्तर शिकवून ठेवा : मी घरी शिकतो आणि चौथीची पुस्तके करतो. पुढचा प्रश्न आला तर उत्तर तुम्ही द्यायचे, त्याने नव्हे. नणंदेला एकांतात, शांतपणे आणि एकदाच सांगा की अभ्यासाचे काही विचारायचे असेल तर मला विचारा.

डोळ्यांची तपासणी याच महिन्यात करून घ्या. तिचा निकाल आणि आठवडाभराच्या निरीक्षणात काय दिसले ते मला कळवलेत, तर वाचन पुढे कसे घ्यावे याविषयी अधिक नेमके लिहिता येईल.